शेपटी गळालेला ‘क’

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा सापडेलकाका गच्चीत कुंड्यांवर नंबर रंगवत होते. कुंड्या एकूण नऊ, आणि गेल्या तीन वर्षांत त्यातली एकही जागची हलली नव्हती. पण निवृत्त माणसाच्या हातांना काहीतरी चाळा लागतोच. फोन बायकोने घेतला आणि जिन्यातूनच हाक मारली, “अहो, डेपोतून आहे! तुमचं ते जुनं डबडं पासवर्ड मागतंय म्हणे, आणि तिथे कुणालाच माहीत नाही.”

काका अनवाणीच खाली धावले. पलीकडून एक बाई बोलत होत्या. बस डेपोच्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत हलवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. बाकी खाती झाली, फक्त ‘हरवलं-सापडलं’ राहिलं होतं. तिथला संगणक इतका जुना की त्याला हात लावायलाही भीती वाटते, असं त्या म्हणाल्या.

“पासवर्ड फोनवर सांगता नाही येणार,” काका म्हणाले. “तोंडाला आठवत नाही हो. बोटांना येतो. त्याच कीबोर्डवर बसलो की आपोआप येईल.”

फोन ठेवल्यावर बायकोने कमरेवर हात ठेवले. “खरंच आठवत नाही, की जायचंय?”

“दोन्ही,” काका म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला गेले.

त्यांना हे नाव पडलं ते याच खात्यामुळे. त्याआधी ते कंडक्टर होते आणि चांगले कंडक्टर होते, एक दिवस सोडून. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ छत्री विसरून उतरले. काकांनी घंटी मारून बस थांबवली, छत्री घेऊन दोन गल्ल्या धावले, गृहस्थांना गाठलं आणि परत येईपर्यंत बसला अकरा मिनिटं उशीर झाला. वरिष्ठांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हरवलेल्या वस्तूंची इतकी कणव असेल तर त्यांच्यातच जाऊन बसा.” म्हणजे शिक्षाच. डेपोच्या मागच्या बाजूला, धुण्याच्या हौदाशेजारी, एक लांबट खोली. एकच खिडकी, लोखंडी रॅक, वर लाकडी माळा आणि दारात एक टेबल. चार दिवस काका तोंड पाडून बसले. पाचव्या दिवशी एक बाई रडत आली, तिच्या मुलीचा चष्मा गेला होता. काका उठले, म्हणाले, “सापडेल हो, सापडेल,” आणि तिसऱ्या रॅकवरून चष्मा काढून तिच्या हातात ठेवला. ती बाई ज्या तऱ्हेने हसली, ते पाहून काकांनी बदलीचा अर्ज लिहिला होता तो फाडून टाकला.

संगणक आला तेव्हा सगळे त्यापासून लांब पळाले. काकांनी तो दोन बोटांनी शिकून घेतला. त्यात पाच रकाने होते. नंबर, तारीख, मार्ग, वस्तू आणि शेरा. पहिले चार रकाने चारदोन शब्दांत भरायचे. शेऱ्याचा रकाना मात्र कितीही लिहिलं तरी थांबत नसे, हे काकांना एका निवांत दुपारी कळलं. झालं! तिथून पुढे एकोणीस वर्षं त्यांनी त्या रकान्याला विश्रांती म्हणून दिली नाही. वस्तू कुणाची, कुठे विसरली, घ्यायला कोण आलं, काय बोललं, सगळं लिहिलं. साहेब लोक फक्त आकडे मागत, त्यामुळे शेरे कुणी वाचले नाहीत.

काका खोलीत शिरले तेव्हा फोनवरच्या संगणकवाल्या मॅडम त्या यंत्रासमोर गालावर हात ठेवून बसल्या होत्या. चाळिशीच्या, केस वर बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. यंत्राचा मूळचा दुधी रंग आता जुन्या दातांसारखा पिवळा झाला होता. काका खुर्चीत बसले, डोळे मिटले, बोटं कळांवर ठेवली. टक टक टक टक. आतला पंखा दम्याच्या पेशंटसारखा घरघरला आणि हिरवी अक्षरं पडद्यावर उमटली.

“वा!” मॅडम म्हणाल्या. “काय होता पासवर्ड?”

“अजूनही माहीत नाही,” काका म्हणाले, आणि दोघंही हसली.

पुढचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या यंत्राला आजची कुठलीच वायर लागत नव्हती. फ्लॉपीच्या खाचेत फ्लॉपी घातली तर आतून दळण दळल्यासारखा आवाज यायचा आणि तीच फ्लॉपी रिकामी बाहेर यायची. शेवटी मॅडमनी कुठूनतरी एक जाडजूड केबल पैदा केली, एक टोक जुन्या यंत्राच्या पाठीत खोचलं आणि दुसरं, मध्ये दोन डब्या जोडून, आपल्या लॅपटॉपला. एकवीस हजार नोंदी एकेका ओळीने पलीकडे सरकू लागल्या. दुपारी जेवणं झाल्यावर मॅडमनी पहिलं पान उघडलं आणि वाचता वाचता थांबल्या.

“काका, ‘एव वाळी छत्री, दांडा तुटवा’ म्हणजे काय?”

काकांनी डोकं पुढे केलं. खाली आणखी होतं. ‘पाटवी वापडी पिशवी.’ ‘वंगवा, दात तीन गायब.’ ‘ववळी, वरची.’

काकांना पाच मिनिटं काही उमजेना. मग त्यांनी मोठ्याने वाचून पाहिलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. “अहो, कवळी! कवळी आहे ती! माझ्या सगळ्या ‘क’ची शेपटी गेली!”

झालं होतं ते असं. त्या जुन्या टायपात ‘क’ हे एक अक्षर नव्हतंच. ‘व’ला उजवीकडून एक शेपटी जोडली की ‘क’ व्हायचा, आणि ‘प’ला तीच जोडली की ‘फ’. जुन्या यंत्रातला माहिती पाठवणारा प्रोग्राम ती शेपटी ओळखतच नव्हता. ती वाटेतच गळत होती. एकोणीस वर्षांतले सगळे ‘क’ असे ‘व’ होऊन आणि सगळे ‘फ’ ‘प’ होऊन पलीकडे पोचले होते.

“हे बघा,” मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “‘सापडेलवावा आज रजेवर.’ आणि हे, ‘शाळेचा लहान पळा, खडूसह.’”

“पळा नाही हो, फळा! मास्तर बसमध्ये विसरले होते.”

“मला वाटलं, कुणीतरी पळण्याचा आदेश विसरून गेलं.”

दारात पाणी प्यायला आलेला ड्रायव्हर ते ऐकून आत आला, त्याने दोन नोंदी वाचल्या, आणि अर्ध्या तासात सगळा डेपो एकमेकांना ‘वाय वावा, वसं वाय’ म्हणू लागला.

मॅडम हुशार होत्या. त्यांनी शब्दांची एक यादी लावून दिली. ‘ववळी’ असा शब्दच नाही, तेव्हा ती कवळी. ‘वंगवा’ नाही, तेव्हा तो कंगवा. यंत्राने हजारो शेपट्या आपापल्या जागी परत लावल्या. अडलं ते दोन्हीकडून अर्थ लागणाऱ्या शब्दांपाशी. वाट की काट, पळा की फळा, वर की कर? असे चारशे बारा शब्द निघाले. मॅडमनी त्यांचे कागद छापून काकांपुढे ठेवले. “आता हे तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.”

हे वाक्य काकांनी घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ते दहाच्या ठोक्याला हजर. पेन्सिल कानावर, कागद पुढ्यात. शब्द आला की त्यांना वस्तू आठवे, वस्तू आठवली की माणूस आठवे. मॅडम खुणा करता करता शेरे वाचू लागल्या. ती कवळी घ्यायला आलेल्या आजोबांनी ती तिथेच हौदावर धुऊन तोंडात बसवली, आधी शिपायाला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग म्हणाले, “आता बरं वाटलं, चार दिवस नीट शिवीही देता येत नव्हती.” एका मुलीचा डावा बूट सापडला; तिची आई उजवा बूट पुरावा म्हणून घेऊन आली आणि तोच टेबलावर विसरून गेली. एका नवरदेवाचा कोट राहिला होता, तो न्यायला नवरी आली, आणि लग्न झालं का असं विचारल्यावर म्हणाली, “झालं. दिराचा कोट घालून झालं. बाह्या कोपरापर्यंत होत्या.”

मॅडम हसून हसून डोळे पुसत. पण तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. “काका, एक सांगायचं राहिलं. नव्या प्रणालीत शेऱ्याला चाळीसच अक्षरं आहेत. मॅनेजर साहेब म्हणतात, वस्तू आणि तारीख पुरे.”

“बरोबरच आहे त्यांचं,” काका म्हणाले. “त्यांना काय करायच्यात आजोबांच्या शिव्या?” आणि त्यांनी पुढचा कागद ओढला. पण पेन्सिल बराच वेळ एकाच ओळीवर टेकून राहिली.

त्या कागदावर दोनशे सदतिसावा शब्द होता ‘वाच’. नोंद सोळा वर्षांपूर्वीची. ‘पुठ्ठ्याचं खोकं, सुतळीने बांधलेलं. वर ठळक अक्षरात लिहिलंय, वाच. मालक आला नाही.’

“हे ‘काच’ आहे,” काका लगेच म्हणाले. “मला चांगलं आठवतं ते खोकं. काच म्हणून आम्ही ते उघडलंच नाही. फुटणाऱ्या वस्तू दोन अधिकाऱ्यांसमोर उघडायच्या असा नियम. मी तीनदा अर्ज केला, दोन अधिकारी एका वेळी कधी मिळालेच नाहीत.”

“मग ‘काच’ करते.”

“करा.” आणि मग, “थांबा. ते अजून माळ्यावर असेल. एकदा डोळ्यांनी बघतो.”

शिडी लावली. मॅडमनी खालून धरली. काका धूळ खात वर गेले आणि मागच्या कोपऱ्यातून खोकं घेऊन इतक्या सांभाळून उतरले, जणू आत झोपलेलं बाळ आहे. खिडकीच्या उजेडात ठेवून ओल्या फडक्याने वरचा कागद पुसला. अक्षर होतं ठळक, शाईचं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. मग नखाने अक्षराच्या उजव्या बाजूची ती शेपटी हलकेच खरवडली. ती निघाली. ती शाई नव्हतीच. सुतळीचा चिकट, तेलकट डाग होता, गाठ सैल होऊन कागदावर वळसा पडला होता त्याचा.

“वाच,” मॅडम हळूच म्हणाल्या.

काका खुर्चीत बसले. “सोळा वर्षं,” ते म्हणाले. “मॅडम, सोळा वर्षं मी वाचलंच नाही नीट.”

मॅनेजर साहेबांना बोलावलं. मॅडमही अधिकारीच होत्या, म्हणजे एकदाचे दोन अधिकारी जमले. सुतळी कापली. आत काच नव्हती. तेरा वह्या होत्या, एकावर एक रचलेल्या, दोन निरनिराळ्या हस्ताक्षरांत भरलेल्या. पहिलं प्रकरण एका अक्षरात, दुसरं दुसऱ्या, तिसरं पुन्हा पहिल्या. तेराव्या वहीत चिठ्ठी होती.

‘सगळ्या वह्या पाठवतेय. तू मागचं विसरतेस आणि मग पात्रांची नावं बदलतेस. आधी पहिल्यापासून वाच, मग शेवटचा भाग लिही. नायिकेला मी विहिरीत दोराला लटकवून ठेवलंय. तिला वर काढणं तुझ्याकडे. मंगळवारच्या बसने परत पाठव.’

खाली एका शिवणाच्या दुकानाचा शिक्का होता, पत्त्यासकट.

काकांना सगळं समजलं. कंडक्टरकडे वस्तू देऊन पुढच्या गावी पोचवण्याची रीत त्यांना पाठ होती. नेहमीचा कंडक्टर त्या दिवशी रजेवर असणार. बदलीच्या माणसाने खोकं बेवारस समजून जमा केलं असणार. आणि त्यावर काकांनी ‘काच’ लिहिलं.

“पोस्टाने कळवू या,” मॅनेजर म्हणाले.

“नाही साहेब. चूक माझी आहे, मीच जातो.”

मॅडम म्हणाल्या, “मीही येते. त्या विहिरीतल्या बाईची मला काळजी वाटतेय.”

दुकान पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत होतं. अजून होतं! दारात अर्धवट शिवलेले शाळेचे गणवेश टांगलेले, आत यंत्रावर एक सत्तरीच्या बाई, चष्म्याला साखळी, तोंडात दोन टाचण्या. काकांनी खोकं काउंटरवर ठेवलं. बाईंनी वरच्या अक्षराकडे पाहिलं. मग टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या, एक, दोन.

“हे माझं अक्षर आहे.”

“हो ताई,” काका म्हणाले आणि हात जोडूनच सगळं सांगून टाकलं. छत्रीपासून सुरुवात करायची गरज नव्हती, पण छत्रीपासूनच केली. डागापर्यंत आले तरी जोडलेले हात सोडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

बाई ऐकत राहिल्या. “म्हणजे हे तिला मिळालंच नाही?”

“नाही.”

“मला वाटलं, तिला आवडलं नाही म्हणून गप्प बसली. मैत्रीण माझी, शेवटच्या थांब्यावरच्या दवाखान्यात नर्स होती. शाळेपासूनची! मी म्हटलं, नाही आवडलं तर तसं सांगावं, तोंड का फिरवावं? मग मीही नाही विचारलं.” त्या एकदम थांबल्या. डोळे भरून आले होते, पण ओठांचे कोपरे वर चालले होते. “मेलीच्या नंबराची चिठ्ठी कुठे आहे...” आणि ती चिठ्ठी यंत्राच्या खणात, बॉबिनींच्या डबीखाली, ठेवलेलीच होती.

फोन लागला. शिवणबाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. “मी बोलतेय. तुला वह्या मिळाल्याच नव्हत्या, गधडे!”

पलीकडून एक खणखणीत आवाज आला, दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असा. “मला वाटलं तू सगळी कादंबरी एकटीच गिळून बसलीस!”

“मी?”

“नाहीतर काय! तेराही वह्या तुझ्याकडे! मी इथे रागाने दोन वर्षं पुस्तकाला हात लावला नाही!”

“अगं, आणि ती बिचारी सोळा वर्षं विहिरीत लोंबकळतेय!”

दोघी हसायला लागल्या. शिवणबाईंनी काउंटरला धरलं, मॅडमनी स्टूल पुढे सरकवलं. काका दाराकडे तोंड करून गणवेशांची बटणं मोजत उभे राहिले, कारण त्यांना रुमाल सापडत नव्हता.

“इथे डेपोतले एक काका आहेत,” शिवणबाई फोनमध्ये म्हणाल्या, “काच समजून त्यांनी खोकं सोळा वर्षं माळ्यावर ठेवलं, म्हणून त्यांना फार वाईट वाटतंय. काय सांगू?”

“त्यांना म्हणावं, दुसरं कुणी असतं तर रद्दीत घातलं असतं. काच समजून तरी जपलं!”

त्या शनिवारी नर्सबाई दुपारच्या बसने उतरल्या. शिवणबाई डेपोत तासभर आधीच येऊन बसल्या होत्या. आता दोघी दिसायला बदललेल्या, एकीची पाठ वाकलेली, दुसरी काठी टेकत आलेली. पण फलाटावर समोरासमोर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भांडण. सातव्या प्रकरणात नायिकेच्या भावाचं नाव कुणी बदललं यावर. तोही निकाल वह्या उघडून तिथल्या तिथे लावण्यात आला. नाव नर्सबाईंनीच बदललं होतं. मॅनेजर साहेबांनी स्वतः खुर्च्या आणवल्या आणि घाईचं काम आहे असं सांगत सांगत तासभर तिथेच उभे राहिले.

सोमवारी त्यांनी मॅडमना बोलावलं. “ते शेऱ्याचे रकाने... चाळीसच अक्षरं का ठेवायची म्हणे?”

“तुम्हीच म्हणाला होतात, साहेब.”

“मी? असेल. वाढवता येतील का?”

मॅडमनी ते शुक्रवारीच वाढवून ठेवले होते, फक्त सही घ्यायची होती. एकवीस हजार शेरे, सगळ्या शेपट्यांसकट, नव्या जागी जाऊन बसले. उरलेले शब्द काकांनी पुढच्या आठवड्यात संपवले. पण आता प्रत्येक शंकेला ते माळ्यावर चढून खात्री करत, त्यामुळे मॅडमचं शिडी धरण्याचं काम वाढलं.

महिन्याभराने काकांच्या घरी टपालाने एक नवी वही आली, चौदावी. नर्सबाईंनी नायिकेला विहिरीतून बाहेर काढलं होतं आणि पहिल्या वाचकाचा मान काकांना दिला होता. काका अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन पाहतात तर बायको खिडकीशी वही उघडून बसलेली, भाजी चिरायची तशीच ताटात.

“अगं, ती माझी आहे! मला पाठवलीय!”

“शू!” ती पान न सोडता म्हणाली. “दोर तुटायला आलाय.”

काकांनी सुरी उचलली आणि गवार मोडायला बसले. गवारीला सुरी लागत नाही हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, कारण दर दोन शेंगांमागे ते मान वर करून विचारत होते, “आली का वर? अगं, सांग ना, आली का?”